माझा मुलगा लेबनॉनला नाही

जेछन, १२ मार्च २०१३

इनचान,

पत्ता तुझ्या आत्याकडून घेतला. तिला सांगितलं, पोराला मिरचीपूड पाठवायची आहे. ती म्हणाली, "तीन वर्षांत चिमूटभर मीठ पाठवलं नाहीस, आज एकदम मिरची?" मी फोन ठेवून दिला.

कागदाच्या कोपऱ्यात झेंडा छापलाय, तो बघून पत्र फाडू नकोस. हा कागद मुळात तुझ्यासाठी नाहीच. बाजाराच्या व्यापारी संघाने प्रत्येक दुकानाला एकेक वाटलाय, लेबनॉनला गेलेल्या सार्जंट ग्यूहोला धीराचं पत्र लिहायला. आपल्या बाजारामागे औषधाच्या दुकानावर राहतो तो. आपल्या कोरियाच्या शांतीसेनेबरोबर आठ महिन्यांसाठी गेलाय. मी "प्रिय शूर जवान" एवढं लिहिलं आणि पेन अडलं. तो शूर आहे की नाही मला काय ठाऊक? तेल घेताना बाटली उजेडात धरून बघायचा, एवढंच मला त्याच्याबद्दल माहीत आहे. मग ती ओळ खोडली आणि खाली तुझं नाव लिहिलं. का, ते विचारू नकोस.

काल संघाची बैठक झाली. सुक्या मासळीवाला प्यो अजून अध्यक्ष आहे. त्याने कापडी फलक शिवून आणला होता, 'जेछनचा सुपुत्र, जेछनचा अभिमान'. टेबलावर खोकी रचली होती: शेवाळाचे पापड, नूडल्स, सुकवलेला माकूल, आपल्या गिरणीचं तिळाचं तेल. सार्जंटची बायको येरिम हिला फोटोसाठी मुद्दाम बोलावलं होतं. तिने खोक्यांकडे बघितलं, सगळ्यांना वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "तुमचे फार उपकार आहेत. पण शेवाळाचे पापड तिथे छतापर्यंत गेलेत. सगळे तेच पाठवतात. मदत करायचीच असली तर बुधवारी आणि शुक्रवारी साडेचारला माझ्या मुलीला बालवाडीतून कोणी आणेल का? रुग्णालयातली माझी ड्यूटी सातला सुटते."

बैठकीतली चाळीस माणसं एकदम कामाला लागली. कोणी चष्मा पुसला, कोणी फोन काढला. प्यो फलकाची सुटलेली नसलेली गाठ पुन्हा बांधू लागला.

मी हात वर केला. शाळेत करतात तसा.

सगळे माझ्याकडे बघत राहिले. ते का बघत होते ते तुला कळेल. मला तर माझा हात वर का गेला तेच कळलं नाही.

मिरचीपूड वेगळ्या पाकिटात आहे.

मो दलसू


जेछन, १० एप्रिल

इनचान,

मिरचीपूड परत आली नाही, म्हणजे पोचली असं धरतो.

मुलीचं नाव दाओन. चार वर्षांची. पहिल्या दिवशी माझ्या अंगाला मिरचीचा वास येतो म्हणून शिंकत शिंकत घरी आली. आता स्वतःच नाक धरून हात पुढे करते. बालवाडीपासून गिरणीपर्यंत सहाशे पावलं आहेत, तिला नेताना ती दोन हजार होतात, कारण प्रत्येक गटाराच्या जाळीत डोकावायचं असतं. गिरणीत आली की तिला उंच स्टुलावर बसवतो आणि वाफेवरून काढलेली तांदळाची वडी हातात देतो. तुला द्यायचो तशीच. तू मधला गोड भाग आधी खायचास. ही कडा आधी खाते.

येरिम सातला येते तेव्हा तिच्या डोळ्यांखाली काळं झालेलं असतं. एकदा म्हणाली, "काका, 'काही लागलं तर सांगा' म्हणणारे पुष्कळ आहेत. पण नळ गळतोय म्हणून सांगितलं की सगळे गावाला गेलेले असतात."

म्हणून नळ दुरुस्त केला. मग बॉयलर बघितला. खिडकीची फट बुजवली. बाजारात तिच्या नवऱ्याचं नाव निघालं की लोक छाती पुढे काढतात, आणि तिच्या स्वयंपाकघरात दीड महिना दिवा बंद होता. तो मी बदलला. देशसेवा म्हणून नाही. स्टुलावर चढून हात पोचायला उंच माणूस लागत होता, एवढंच.

तिने परवा सांगितलं, सार्जंटला खोक्यापेक्षा फोटो हवे असतात. मुलीचे तर हवेतच, पण रस्त्याचेही. भाजीवालीच्या टोपल्यांचे, बसथांब्याचे. "काही झालेलं नसेल ते पाठव" म्हणतो. मी प्योच्या दुकानाचा फोटो काढून दिला, त्यात प्यो जांभई देत होता. सार्जंटने तो भिंतीला लावलाय म्हणे.

बालवाडीत एक फॉर्म भरायचा होता, मुलीला कोण नेणार त्याचा. भरला.

अप्पा


जेछन, ९ मे

इनचान,

काल आईवडिलांचा दिवस होता. दाओनने लाल कागदाचं फूल केलं आणि बालवाडीच्या दारातच माझ्या कोटाला टोचलं. तसंच लावून मी गिरणीत आलो. प्यो म्हणाला, "वा रे नवरदेव! कोणाचं फूल?" मी म्हटलं, तुला काय करायचंय, मासे मोज.

आता मागच्या पत्रातल्या फॉर्मबद्दल. त्यात 'मुलीशी नातं' असा रकाना होता. मी 'आजोबा' लिहिलं. तुला वाटेल, त्यात काय, सगळीच पोरं म्हाताऱ्याला आजोबा म्हणतात. मलाही तेच वाटलं. पण तिथल्या बाई नव्या आहेत, गावच्या नाहीत. त्यांनी विचारलं, "आईकडचे की वडिलांकडचे?" मी म्हटलं, वडिलांकडचे. त्या म्हणाल्या, "म्हणजे तुमचा मुलगा लेबनॉनला आहे! किती अभिमान वाटत असेल."

मी हो म्हणालो नाही.

नाही, असं नको. पत्रात तरी खोटं नको. मी हो म्हणालो. वर असंही म्हणालो की लहानपणापासूनच धीट होता.

फॉर्मवर नाव लिहायच्या जागी मी नुसतं 'गिरणीवाले' लिहिलं, कारण आडनाव लिहिलं असतं तर लगेच उघडं पडलं असतं. म्हणजे मी शुद्धीवर होतो. चुकून झालं असं म्हणायला जागा नाही.

ते ऐकताना बरं वाटलं, हे तुला सांगायला हवं. गेली पाच वर्षं कोणी "मुलगा काय करतो?" असं विचारलं की मी चाळणी झटकत बसतो. तू सक्तीच्या लष्करी भरतीच्या कचेरीसमोर उभा राहून 'मी बंदूक हातात घेणार नाही' असं वाचून दाखवलंस, ते मला प्योने आणलेल्या पेपरातून कळलं. तेव्हापासून बाजारात कोणी मला वाईट बोललं नाही. त्यांनी नुसतं तुझं नाव घेणं सोडलं. त्या दिवशी बालवाडीच्या दारात एका अनोळखी बाईने माझ्या मुलाचा विषय काढला आणि मला मान खाली घालावी लागली नाही. मुलगा माझा नव्हता, एवढाच काय तो फरक.

हे तुला का लिहितोय? राग येईल तुला. यायलाच हवा. पण दुसऱ्या कोणाला लिहू?

अप्पा


जेछन, ८ जून

इनचान,

सगळं बाहेर आलं.

शहीद दिनाच्या आदल्या दिवशी बालवाडीत कार्यक्रम होता. मुलांनी सैनिकांसाठी चित्रं काढली होती, ती लेबनॉनला जाणार होती. बाईंनी मला बोलायला बोलावलं, "सार्जंटचे वडील" म्हणून. मी तीनदा नाही म्हटलं, चौथ्यांदा कोट घातला. येरिम अर्धी रजा काढून आली होती. मागे उभी राहून नवऱ्यासाठी मोबाईलवर सगळं टिपत होती. मला वाटलं होतं ती यायची नाही. बाईंनी माझी ओळख करून दिली तेव्हा तिचा हात खाली आला आणि पुन्हा वर गेला.

मी काहीबाही बोललो. ऊन असतं, पाणी जपून प्यावं लागतं, असलं. पुढच्या रांगेतल्या एका मुलीने विचारलं, "आजोबा, तुमच्या मुलाला भीती वाटते का?"

उत्तर अगदी सोपं होतं. "नाही बाळा, तो शूर आहे." पण माझ्या डोळ्यांसमोर सार्जंटचा चेहरा येईचना, तुझाच आला. मी म्हटलं, "माहीत नाही. मी त्याला कधी विचारलं नाही."

बाई हसून म्हणाल्या, "लेबनॉनला फोन लावणं अवघड असेल ना, आजोबा?"

मी म्हटलं, "माझा मुलगा लेबनॉनला नाही. माझ्या मुलाने बंदूक घ्यायला नकार दिला. त्याला दीड वर्ष तुरुंगात ठेवलं होतं. दाओनचे बाबा माझे कोणी नाहीत."

मोठ्यांपैकी कोणी हललं नाही. मुलांना मात्र पहिल्यांदाच गंमत वाटू लागली. त्याच मुलीने विचारलं, "तुरुंगात जेवायला काय देतात?"

इनचान, तेही मला माहीत नव्हतं.

दाओन उठली आणि माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. तिला वाटलं मला कोणीतरी रागावतंय. येरिमने पुढे येऊन तिला उचललं, बाईंना नमस्कार केला आणि माझ्याकडे न बघता गेली. संध्याकाळी फोनवर दोन ओळी आल्या: 'बुधवारची सोय दुसरीकडे केली आहे. आजवरच्या मदतीबद्दल आभार.'

प्यो गिरणीत येऊन ओरडला, "पाच वर्षं आम्ही तोंड शिवून बसलो, आणि तू स्वतःच्याच घराची लक्तरं पोरांसमोर मांडलीस? तीही शहीद दिनाला?" मी म्हटलं, आदल्या दिवशी. तो म्हणाला, "अक्कल पाजळू नकोस!"

अप्पा


जेछन, ३ जुलै

इनचान,

येरिम आली होती. दुपारची, गिऱ्हाईक नसताना. बसली नाही.

"काका, एकच विचारते. माझ्या नवऱ्याचं पांघरूण का केलंत?"

मी एप्रनला हात पुसत राहिलो.

"त्यांचे वडील ते सहावीत असताना वारले. लग्नात त्या बाजूची खुर्ची रिकामी होती. रिकामी आहे म्हणून कोणीही येऊन बसायचं?"

"चुकलो," मी म्हटलं.

"आणि दुसरं म्हणजे, मला तुमच्या मुलाचा राग येतो. मला आठ महिने एकटीला काढायचेत आणि तो म्हणतो हे सगळं करायचंच नाही. मग मनात येतं, सगळेच त्याच्यासारखे असते तर माझा नवरा घरी असता. मग पुन्हा स्वतःचाच राग येतो. नक्की कोणावर रागवायचं ते मला सांगा."

मी म्हटलं, "सूनबाई, मी पाच वर्षं तेच शोधतोय." सूनबाई म्हणायला नको होतं, पण तोंडून गेलं. तिने डोळे मिटले आणि मग तिला हसू आलं. आवडून हसली असं नव्हे. थकलेलं माणूस हसतं तसं.

मी विचारलं, "सार्जंटने तो व्हिडिओ बघितला?"

"बघितला. दोनदा. काही बोलले नाहीत. हल्ली तसंही ते काही बोलत नाहीत. मी विचारते कसे आहात, ते म्हणतात हवा छान आहे. गिरणीचा पत्ता मागून घेतला."

जाताना दारात थांबून म्हणाली, "बुधवारी साडेचार. जिला सांगितलं होतं ती तीनदा उशिरा आली, दाओन एकटी बसून राहिली. मी तुम्हाला माफ केलेलं नाही. दुसरं कोणी नाही म्हणून सांगतेय."

मी म्हटलं, चालेल.

बालवाडीत जाऊन फॉर्म बदलून मागितला. बाईंनी मुकाट्याने दिला. नात्याच्या रकान्यात 'शेजारी' लिहिलं, पूर्ण नाव आणि आडनावासकट.

अप्पा


जेछन, २१ ऑगस्ट

इनचान,

सार्जंटचं पत्र आलं. हाताने लिहिलेलं, अक्षर बारीक. तुला त्यातलं उतरवून पाठवतो, कारण त्यातला एक प्रश्न तुझा आहे.

'गिरणीवाले काका, मी रागावलोय, पण नक्की कशावर ते सापडत नाही. मी शूर वगैरे नाही. एका फाटकाशी उभा असतो आणि जाणाऱ्या येणाऱ्या ट्रकांची नोंद करतो. इतक्या महिन्यांत इथे माझ्यासमोर काही घडलं नाही, आणि घडलं नाही म्हणून मी हुश्श करत नाही, कारण उद्याचं माहीत नसतं. हे येरिमला सांगता येत नाही, म्हणून हवेबद्दल सांगतो. रविवारी पत्रं वाटतात. अनोळखी लोकांच्या पत्रांना आम्ही हसतो. "प्रिय शूर जवान" वाचून तर फारच. पण ज्याला एकही येत नाही तो सिगारेट ओढायला म्हणून बाहेर जातो, सिगारेट ओढत नसला तरी. तुम्ही बालवाडीत बोललात ते बघितल्यापासून एक विचारायचं आहे. तुमच्या मुलाला तुरुंगात पत्रं येत होती का?'

पाच दिवस हे पत्र पिठाच्या डब्याखाली ठेवलं होतं.

तुझी आई दर आठवड्याला लिहायची. ते तुला माहीत आहे. शेजारी बसून मी दुसरीकडे बघायचो, तेही तुला माहीत असेल. पण हे माहीत नाही: पहिल्या हिवाळ्यात, तुझी आई पाठ धरून अंथरुणावर होती तेव्हा, तिची भेटीची पाळी वाया जाऊ नये म्हणून मी आलो होतो. बसने, डब्यात तांदळाच्या वड्या घेऊन. बाहेरून आणलेलं आत चालत नाही हे तिथे गेल्यावर कळलं. खिडकीवर भेटीचा कागद भरायला दिला. कैद्याचं नाव लिहिलं, क्रमांक लिहिला. नात्याच्या जागी 'वडील' लिहिलं. मग बाकावर बसलो. माझ्या आधी सहा जण होते. एकेकाला हाक मारत होते. चौथ्याचं नाव आलं तेव्हा मी उठलो आणि बाहेर पडलो. वड्या बसथांब्यावर एका बाईला दिल्या.

तुझ्या आईला सांगितलं, भेट झाली, बरा आहे. ती मरेपर्यंत तिला तेच वाटत होतं. तिच्या अंत्यविधीला तीन दिवस आपण दोघं शेजारी, पण एकमेकांशी न बोलता, उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला नमस्कार करत होतो. मला भीती होती की तिने तुला विचारलं असेल आणि तू नाही सांगितलं असशील. विचारलं होतं का?

सार्जंटला मी एक ओळ लिहिली: 'आईची येत होती. माझं एकही नाही.' पाकिटात बाजाराचे फोटो घातले, आणि आपण भाजतो त्या तिळाची पुडी.

तू बरोबर होतास असं मी म्हणत नाही. तू चूक होतास असं म्हणायला तोंड उघडतो आणि येरिमचा तो गळणारा नळ आठवतो, का ते समजत नाही. ज्यांनी फलक लावला ते नळ बघायला आले नाहीत. ज्यांनी तुझं नाव घेणं सोडलं ते तेच. पण नळ दुरुस्त करणारा मी, त्यांच्यातलाच तर होतो.

मला हे नीट मांडता येत नाही. गिरणीवाला आहे मी.

अप्पा


जेछन, २४ ऑक्टोबर

इनचान,

सार्जंट परत आला. बाजाराच्या कमानीवर प्योने फलक लावला, वाऱ्याने तो अर्धा दिवस उलटाच होता.

चौथ्या दिवशी तो मुलीला घेऊन गिरणीत आला. माझ्या आठवणीपेक्षा बुटका, मान तांबूस रापलेली. आम्ही एकमेकांना इतके वाकलो की टोपी पडली त्याची. दाओन मात्र धावत माझ्या पाठीमागे येऊन लपली आणि माझा एप्रन सोडेना. तो उकिडवा बसून म्हणाला, "ये ना बाळा, घरी जाऊ." ती म्हणाली, "तुम्ही जा. मी आजोबांबरोबर येते."

त्याने माझ्याकडे बघितलं. वाईट चेहऱ्याने नाही. वाईट असता तर सोपं झालं असतं.

मी तिची बोटं एकेक करून सोडवली. "मला काम आहे," म्हटलं, "आज आजोबा मोकळे नाहीत. बाबांबरोबर जा." ती रडली. मी पाठ फिरवून चाळणी हलवत राहिलो, चाळणीत काही नव्हतं. मदत करायची म्हणजे वेळेवर हात काढूनही घ्यायचा, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी तो वर केला असता का?

येरिमने बालवाडीचा फॉर्म रद्द केला. मग स्वतः येऊन तेलाची बाटली नेली, आणि जाताना म्हणाली, "रविवारी जेवायला या. माफीचं अजून बघतेय मी."

अप्पा


जेछन, २५ नोव्हेंबर

इनचान,

तू काल दुपारच्या बसने गेलास. आज लिहितोय, कारण दोन दिवसांत बोलायचं राहिलं ते बरंच आहे आणि बोललो त्यातलं बरंच चुकलं.

किमचीचं लोणचं घालायचे दिवस, दारात मिरच्यांच्या गोण्या, गिऱ्हाइकांची रांग. मी मान वर केली तेव्हा तू खुंटीवरचा एप्रन काढत होतास. पत्र नाही, फोन नाही. "कुठली आधी घेऊ?" एवढंच विचारलंस. मी म्हटलं, डावीकडची. पाच वर्षांनी तोंडावर बोललेला माझा पहिला शब्द तो.  प्यो गोणी घेऊन उंबऱ्यात उभा राहिला, त्याचं तोंड दोनदा उघडून मिटलं, आणि शेवटी म्हणाला, "उंची वाढली का रे तुझी?" एकतीस वर्षांच्या माणसाला! तू म्हणालास, "नाही काका, तुमची कमी झाली." रांगेतली एक बाई हसली, मग सगळ्याच. मी त्या बाईचं दळण फुकट दिलं.

मला वाटलं, झालं, आता सगळं नीट होणार. म्हणून जेवताना मी गाढवासारखा दाओनच्या गोष्टी सांगत सुटलो. तू चॉपस्टिक्स खाली ठेवल्यास.

"अप्पा, तुम्हाला हे सगळं येत होतं," तू म्हणालास. "नळ, दिवा, बुधवार-शुक्रवार, पत्र, फोटो. येत होतं तर तेव्हा का नाही केलंत? आई एकटी बस बदलत यायची."

मी म्हटलं, "तेव्हा येत नव्हतं."

"आणि त्या सैनिकाच्या घरी शिकलात?"

"हो."

"म्हणजे मी तुरुंगात गेलो त्याचा उपयोग नाही, तो लेबनॉनला गेला त्याचा झाला."

"तसं नाही रे."

"मग कसं?"

 तू वाईट बोललास असं म्हणत नाही. मीही हाच हिशेब मनात मांडून बघितला होता, तोही जुळला नव्हता. तू भांडी घासलीस आणि मधेच पाठमोरा म्हणालास, "आईने विचारलं होतं. भेट झाली का म्हणून." मग म्हणालास, "मी हो म्हटलं. म्हटलं, अप्पांनी वड्या आणल्या होत्या, पण आत घेऊ दिल्या नाहीत."

वड्यांचं तुला तेव्हाच कसं कळलं? मी तर या ऑगस्टमध्ये लिहिलं. बसथांब्यावरच्या बाईने? की तुझ्या आईने मला डबा भरताना बघितलं होतं आणि तिनेच तुला सांगितलं? म्हणजे तुम्ही दोघं मला सांभाळून घेत होता का? विचारायचं होतं. तू नळ मोठा सोडलास.

आणि काल सकाळी तो आला. सार्जंट, हातात तिळाची पिशवी, खांद्यावर दाओन. ती आता त्याच्या खांद्यावर बसते. मी म्हटलं, "हा इनचान. माझा मुलगा." बाजारात मोठ्याने म्हटलं. मग तुला म्हटलं, "हे ग्यूहो." तुम्ही दोघं उभे. एक ज्याने बंदूक घेतली, एक ज्याने घेतली नाही, आणि दोघांच्याही एप्रनला आणि कोटाला माझ्या मिरचीची पूड. त्याने हात पुढे केला. तू लगेच घेतला नाहीस. मी मनात मोजलं नाही, पण वेळ लागला. मग घेतलास.

त्यानंतर काय होणार ते मला बघवेना. मी पिशवी उचलली, मागे गेलो आणि भाजणीचं मशीन सुरू केलं. त्या तिळाची काही घाई नव्हती, ते दुपारी भाजले असते तरी चाललं असतं. मशीनच्या खडखडाटात काहीही ऐकू येत नव्हतं. जाळीतून दिसत होतं तेवढंच: तुम्ही दोघं खाली बसलात, बादल्या उपड्या करून. आधी तो बोलत होता, बराच वेळ, जमिनीकडे बघत. मग तू. एकदा तू हाताने काहीतरी लहानसं दाखवलंस, खोलीची लांबी असेल, किंवा खिडकी. त्याने मान हलवली आणि स्वतःचाही हात तसाच धरून बघितला. दाओन मधे बसून वडीची कडा खात होती. एका क्षणी तुमच्यापैकी कोणीतरी रडत होतं असं वाटलं, पण धूर होता, खात्री नाही.

मी मशीन बंद केलं आणि तुम्ही दोघं बोलायचे थांबलात.

तो तीळ घेऊन गेला. तू दोन गोण्या दळून ठेवल्यास आणि बस पकडलीस. दारात म्हणालास, "चांगला माणूस आहे." नंतर म्हणालास, "तरी मी गेलो नसतो." मी मान हलवली. कशाला हलवली, पहिल्या वाक्याला की दुसऱ्याला, मला सांगता येणार नाही.

तुम्ही काय बोललात ते तू सांगणार नाहीस, तो तर नाहीच नाही. विचारणारही नाही. पण इनचान, पुढच्या वेळी तू आलास आणि तो आला, किंवा तू एकटाच आलास आणि तुला माझ्याशी बोलायचं असलं, तर मी मशीन लावणार नाही.

अप्पा